सतरावं होल बघायचं राहिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रकाठच्या रिसॉर्टमधल्या गोल्फवर पानभर लेख आला होता. फोटो सुरेख होते, त्याबद्दल वाद नाही. खाली फेसाळता समुद्र, वर कड्याच्या टोकाला हिरवी टिकली एवढं ग्रीन (होलाभोवतीची तुळतुळीत हिरवळ), त्यावर फडफडणारा झेंडा. लेख वाचून आमचे हे म्हणाले, "चल, पुन्हा जाऊ." मी म्हटलं, आधी संपादकांना पत्र लिहिते, मग बघू.

लेखकाने वाचकांना तीन गोष्टी अगदी छातीठोकपणे सांगितल्या आहेत. समुद्रालगतचं मैदान म्हणजे लिंक्स (या शब्दाचा अर्थ पुढे सांगते). वेळ कुठलीही चालते, उलट दुपारी दर कमी असतो तर दुपारीच जावं. आणि मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या लांबच्या जागेवरून, खेळल्याशिवाय अशा ठिकाणी गेल्याचं सार्थक नाही. यातली पहिली गोष्ट चुकीची आहे. उरलेल्या दोन आम्ही काही वर्षांपूर्वी, कुणी न सांगताच, करून बसलो आहोत. त्या दिवशी आमचा फोरबॉल (चौघांचा गट) अठरांपैकी चौदाव्या होलवर अंधारात उभा होता. ज्या सतराव्या होलचा फोटो बघून आम्ही एवढ्या लांब गेलो होतो (तेच होल तुमच्या पानावर आहे), ते आम्ही पाहिलंसुद्धा नाही.

मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. गोल्फ हातात आला एकोणपन्नासाव्या वर्षी, तोही ह्यांचा जुना अर्धा सेट अडगळीत पडला होता म्हणून. आज माझा हँडिकॅप इंडेक्स (जितका मोठा, तितका खेळाडू कच्चा) २६.८ आहे. सांगण्यासारखा आकडा नाही, पण या पत्राला तोच लागणार आहे, म्हणून सांगितला. आमच्या चौघांत आम्ही दोघं, माझ्या मोठ्या नणंदबाई (मी त्यांना वन्सं म्हणते) आणि त्यांचे यजमान. वन्सं चौघांत सगळ्यात कच्च्या खेळाडू आणि सगळ्यात शहाण्या.

तो दिवस असा. टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतला दुपारी एक चाळीसचा, कारण दर कमी. सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे हातात चार तास पंचवीस मिनिटं. ह्यांचं म्हणणं, "चार तास पुष्कळ झाले." आमच्या नेहमीच्या मैदानावर, ओळखीच्या झाडांमध्ये, वारा नसताना, ते खरंही आहे. आता शिक्षिकेचा हिशेब बघा. आमच्यासारखे चौघं अशा मैदानावर प्रत्येकी एकशे दहा फटके सहज मारतात. चौघांचे चारशे चाळीस. गोल्फचे नियम सुचवतात की आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा. चारशे चाळीस गुणिले चाळीस सेकंद म्हणजे चार तास त्रेपन्न मिनिटं. आपला चेंडू तयार तर आपण मारावा, लांब कोण आहे ते मोजत बसू नये, अशी आता नियमांचीच शिफारस आहे; तसं खेळलं तर यातला बराच वेळ वाचतो. आम्ही तसं खेळलो नाही. आम्ही एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत होतो.

त्यात हरवलेले चेंडू. चौघांनी मिळून एकोणतीस चेंडू हरवले, आणि तेही चौदा होलांत. २०१९ पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात (त्याआधी पाच असत), पण एकोणतीस त्रिक सत्याऐंशी. दीड तास आम्ही गवतात वाकून काढला. मागच्या फोरबॉलने दोनदा पुढे जायला जागा मागितली. मैदानावर देखरेख करणारा मार्शल पहिल्यांदा हसून बोलला, दुसऱ्यांदा हसला नाही.

चेंडू एवढे का हरवले? वारा. आणि वारा का होता? कारण आम्ही दुपारी गेलो होतो. हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असे: वाळू आणि माती लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. उन्हाच्या दिवशी हे चक्र साधारण सकाळ सरता सरता सुरू होतं, दुपारी भरात येतं आणि संध्याकाळी मंदावतं. म्हणजे एक चाळीसला टी-ऑफ घेणारा माणूस सबंध फेरीभर वाऱ्याच्या ऐन भरात खेळतो. एवढं शिकवून मी स्वतः ते आरक्षण होऊ दिलं, याचा सल मला जास्त आहे. दर कमी का होता हेही तिथेच कळलं.

शिवाय हा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि फोटोतली होलं बहुतेक किनाऱ्याला समांतर धावतात. म्हणजे वारा आडवा. समोरून किंवा पाठीमागून वारा असला तर निदान क्लब (मारायची काठी) बदलून भागवता येतं. साधारण ताशी दहा मैलांच्या समोरच्या वाऱ्याला एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारा, असा खेळाडूंचा ढोबळ हिशेब आहे. पाठचा वारा मात्र तेवढा परत देत नाही. समोरचा जितकं खातो त्याहून कमी पाठचा देतो. आडव्या वाऱ्यात स्लाइस मारणाऱ्याचे, म्हणजे ज्याचा चेंडू बाजूला वळत जातो त्याचे, हाल कुत्रा खात नाही. आमच्या वन्संच्या यजमानांचा स्लाइस तर असा आहे की त्यांनी कुठे बघून मारलं हे चेंडूला कधी कळतच नाही.

वाऱ्यापुढे मोठमोठ्यांचीही गाळण उडते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचवर सातवं होल जेमतेम शंभरावर काही यार्डांचं, टीवरून खाली समुद्राच्या तोंडाशी उतरणारं. शांत हवेत तिथे व्यावसायिक खेळाडू वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) हातात घेतात. १९९२ च्या यूएस ओपनच्या (टेनिसची नव्हे, गोल्फची) शेवटच्या दिवशी टॉम काइटने तिथे त्याहून बराच लांब मारणारा सहा नंबर आयर्न घेतला, तरी चेंडू ग्रीनच्या डावीकडे गेला. तिथून त्याने चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) थेट होलात घातली आणि पुढे स्पर्धाही जिंकली, ती गोष्ट वेगळी. आपण ती चिप घालणार नाही, एवढं धरून चालावं.

जाता जाता एक. तिथल्या बगीवाल्या (बगी म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी) मुलाने आम्हाला सांगितलं की समुद्रावरची हवा दमट, म्हणून जड, म्हणून चेंडू लांब जात नाही. हे सगळीकडे सांगतात. पण तापमान आणि दाब तेच असतील तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन अठरा, हवेचं सरासरी एकोणतीसच्या आसपास. चेंडू लांब गेला नाही, कारण समोरून वारा होता आणि आमचे फटके आखूड होते. मी त्या मुलाला हे सांगितलं. ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

आता लिंक्स. समुद्रालगतचं प्रत्येक मैदान लिंक्स नसतं. शेतीची जमीन आणि किनारा यांच्यामधली वाळूची, उंचसखल, शेतीला निरुपयोगी पट्टी, तिच्यावरचं बारीक कणखर गवत, पावसाचं पाणी झरझर जिरून टणक राहणारी जमीन: हे लिंक्स. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज तसं आहे. पेबल बीच खडकाळ कड्यांवरचं आहे, समुद्र तोच पण जमीन निराळी. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी रिसॉर्टांवर तर पॅसपालम नावाचं खारं पाणी सोसणारं गवत लावतात. दिसायला गालिचा. पण त्यावर पडलेला चेंडू लिंक्ससारखा दूरवर घरंगळत नाही, आणि ग्रीनच्या बाहेरून पटरने ढकलायला जावं तर मध्येच अडकतो. हा शब्दांचा कीस नाही. लिंक्स समजून तुम्ही वाऱ्याखालून जमिनीलगतचा, धावता फटका मारायचा बेत कराल आणि चेंडू पडला तिथेच बसेल. गवत कुठलं हे निघण्याआधीच विचारून ठेवावं.

मागच्या टीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण खरा घोळ तिथे होतो आणि तो बहुतेक पुरुष करतात. (ह्यांनी हे वाक्य वाचलं आहे.) पहिल्या टीवर, खेळाडूंना पाळीने सोडणाऱ्या स्टार्टरने विचारलं, "कुठली टी?" ह्यांनी आणि वन्संच्या यजमानांनी एका सुरात सर्वांत मागच्या टीच्या अलीकडची सांगितली. माझी आणि वन्संचीही तीच, म्हणे "सगळे एकत्र खेळू, गंमत येईल." स्टार्टरने एकदा आमच्याकडे आणि एकदा आमच्या बॅगांकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

प्रत्येक टीला दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप, आणि ते कार्डावर किंवा क्लब हाउसमधल्या फलकावर असतात. कोर्स रेटिंग म्हणजे हँडिकॅप शून्य असलेल्या, पक्क्या खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत. स्लोप म्हणजे आपल्यासारख्यांना ते मैदान त्याच्या मानाने किती जास्त छळेल. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण धरलेला. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे आणि कुठल्या टीवर किती फटक्यांची सूट मिळते याचं गणित सोपं आहे: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, अधिक रेटिंग वजा पार (मैदानाचे ठरलेले फटके). तिथल्या पुढच्या टीचं स्त्रियांसाठीचं रेटिंग ६९.४ होतं, स्लोप ११९, पार ७२. माझ्या २६.८ चे तिथे झाले २६. आम्ही ज्या टीवरून खेळलो तिचं रेटिंग ७५.१, स्लोप १३६. तिथे झाले ३५. म्हणजे त्या दोन टींमध्ये माझ्या नऊ फटक्यांचं अंतर होतं, आणि ते अंतर मैदानाने आधीच छापून माझ्या हातात दिलं होतं. हे गणित मी केलं दुसऱ्या दिवशी, खोलीत बसून, पायाला शेक देत.

नऊ फटके हँडिकॅपमध्ये परत मिळतात, मग बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. बिघडलं हे, की समुद्राच्या खाचा हँडिकॅप ओळखत नाहीत. मागच्या टीसमोर शंभर यार्डांची दरी असेल आणि माझा चेंडू हवेतून ऐंशी जात असेल, तर कार्डावर पस्तीस लिहा नाहीतर पन्नास, चेंडू पाण्यातच जाणार. अमेरिकेत २०११ साली पुढच्या टीवरून खेळा अशी मोहीमच निघाली होती. त्या सुमारापासून फिरणारा एक सोपा ठोकताळा आहे: तुमचा पाच नंबर आयर्न किती यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा, तेवढ्या यार्डांचं मैदान तुम्हाला झेपेल. १४० यार्ड मारणाऱ्याला ५,०४०. ह्यांचा पाच नंबर खरोखर १४० जातो. ते १६५ सांगतात. त्या दिवशी आम्ही ६,४०० वर खेळत होतो.

बायकांसाठी नीट विचार करून आखलेल्या पुढच्या टी असाव्यात म्हणून ज्यांनी आयुष्यभर आग्रह धरला, त्या गोल्फ मैदानं आखणाऱ्या अॅलिस डाय यांचं नाव अशा लेखात यायला हवं होतं. अमेरिकेतल्या किआवा बेटावरचं ओशन कोर्स त्यांचे पती पीट डाय यांनी १९९१ च्या रायडर कपसाठी (अमेरिका विरुद्ध युरोप अशी गोल्फ स्पर्धा) बांधलं. मूळ बेतात फेअरवे (टी आणि ग्रीन यांच्यामधले कापलेल्या गवताचे पट्टे) वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला होते. सगळं मैदान उचलून घ्या म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून समुद्र दिसेल, ही सूचना अॅलिसबाईंची. समुद्र दिसू लागला आणि त्याबरोबर आडोसाही गेला, वारा थेट अंगावर. फोटोतला समुद्र फुकट मिळत नाही तो असा.

आमच्या त्या अंधारातल्या फेरीनंतर बरोबर दोन वर्षांनी आम्ही त्याच रिसॉर्टवर पुन्हा गेलो. या खेपेस बेत वन्संनी आखला आणि उलट्या टोकाने आखला. त्या म्हणाल्या, "आपल्याला सतरावं होल बघायचंय ना? मग तिथे किती वाजता पोहोचायचं ते आधी ठरवा आणि मागे मोजत या." वारा जोर धरायच्या आत सतरावं, म्हणजे साडेअकराच्या आत. पावणेपाच तास मागे गेलो तर पावणेसात. तिथला पहिला टी टाइम साडेसहाचा होता. तो मिळाला, पण त्यासाठी आधीच्या रात्री तिथेच मुक्काम करावा लागला, कारण सकाळच्या वेळा आधी राहणाऱ्या पाहुण्यांना देतात. पुष्कळ रिसॉर्टांचा हा रिवाज आहे आणि तो छोट्या अक्षरांत असतो.

फोनवर प्रो शॉपला (मैदानाच्या दुकान-कचेरीला) वन्संनी जे विचारलं ते ऐकून पलीकडचा मुलगा पहिल्यांदा गोंधळला. फेरी पहिल्या होलपासून सुरू होते की कधी दहाव्यापासूनही सोडता? शेवटची होलं पश्चिमेकडे तोंड करून आहेत का? (संध्याकाळी खेळणाऱ्याला तिथे सूर्य डोळ्यांत येतो आणि चेंडू उडताना दिसतच नाही.) बगी फेअरवेवर नेऊ देता की रस्त्यावरच ठेवायची? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पाऊस पडून गेला की बगी रस्त्यावरच थांबवतात. मग प्रत्येक फटक्याला दोन-तीन क्लब हातात घेऊन फेअरवे ओलांडायचा, एक चुकीचा निघाला की परत यायचं. बगीने वेळ वाचतो हा हिशेब त्या दिवशी उलटा होतो. काही ठिकाणी तर बगीच नाही. ओरेगॉनचं बँडन ड्यून्स १९९९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथे चालूनच खेळायचं. वैद्यकीय कारण असेल त्याची गोष्ट वेगळी. गुडघे दुखणाऱ्याने हे विमानाचं तिकीट काढल्यावर समजून काय उपयोग? तसंच सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स रविवारी गोल्फसाठी बंद असतं, लोक तिथे फिरायला येतात. आणि आगाऊ आरक्षण नसेल तर दोन दिवस आधी सोडतीत नाव घालून नशीब बघायचं. दोन दिवसांच्या मुक्कामात शनिवार-रविवार धरून जाणारा माणूस तिथला दगडी पूल बघून परत येईल.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यांनी शेवटी विचारला: स्थानिक नियमांचा कागद आधी पाठवाल का? हा कागद कुणी वाचत नाही. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिप या बड्या स्पर्धेत व्यावसायिक खेळाडू डस्टिन जॉन्सननेही वाचला नव्हता. मैदान अमेरिकेतलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं व्हिसलिंग स्ट्रेट्स. समुद्र नव्हे, पण सगळं रूप समुद्रकाठचं, आणि वाळूचे खड्डे मोजता मोजवत नाहीत इतके. प्रत्येक वाळूचा खड्डा बंकरच (जिथे फटक्याआधी क्लब वाळूला टेकवायचा नसतो) धरावा, प्रेक्षकांनी तुडवलेला असला तरी, असं त्या कागदावर स्पष्ट होतं. एका फटक्याने पुढे असलेल्या जॉन्सनने शेवटच्या होलवर अशाच तुडवलेल्या वाळूत क्लब टेकवला. दोन फटक्यांचा दंड. विजेता ठरवायच्या जादा होलांत तो असायला हवा होता, तो घसरला पाचव्या क्रमांकावर.

आपल्याला करंडक नको, तरी कागद हवा. पुळण हद्दीबाहेर धरली आहे की लाल खुंट्यांनी आखलेला पेनल्टी एरिया आहे, हे त्यावर असतं. हद्दीबाहेर असेल तर एक दंड घेऊन परत टीवर. लाल असेल तर एका दंडात, चेंडूने जिथे रेषा ओलांडली तिथून दोन क्लबांच्या अंतरात, होलाच्या जवळ न जाता, चेंडू टाकून पुढे चालायचं. किंवा वाळूतूनच मारायचा. २०१९ पासून पेनल्टी एरियात क्लब जमिनीला टेकवला तरी चालतं. आणि हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूसाठी टीवर परत न जाता, दोन दंड घेऊन फेअरवेलगत चेंडू टाकायची सवलत मैदानाने लागू केली आहे का, हे विचारून घ्यावं. नियमावलीत तिची तरतूद आहे, पण मैदानाने ठरवलं तरच. पहिल्या खेपेला ती तिथे लागू होती. आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही टीवर परत जात होतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही स्टेबलफोर्डने गुण मोजले. इंग्लंडमधल्या वॉलसीच्या डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत, पहिली स्पर्धा १६ मे १९३२. वॉलसी हेही समुद्रकाठचं वाऱ्याचं मैदान, हा योगायोग नाही. या पद्धतीत होलागणिक गुण मिळतात; एखादं होल बिघडलं, गुण मिळण्याची आशा संपली, की चेंडू उचलायचा आणि पुढे निघायचं. समुद्राला चार चेंडू वाहून बारा लिहीत बसायचं नाही. वन्संनी अठरांपैकी पाच होलांवर चेंडू उचलला आणि त्या चौघांत दुसऱ्या आल्या.

सतराव्यावर आम्ही अकरा वीसला पोहोचलो. पुढच्या टीवरून १०४ यार्ड, मध्ये खडकांची खाच, डावीकडे लाल खुंट्या, पलीकडे पाणी. वारा नुकता उठला होता, झेंडा आमच्याकडे तोंड करून. घरचा हिशेब पाच नंबर आयर्नचा होता. मी त्याहून लांब मारणारा पाच नंबर वुड काढला. ह्यांनी भुवया उंचावल्या. चेंडू ग्रीनच्या मागच्या कडेला थांबला. तुमच्या पानावरच्या फोटोत झेंड्याच्या उजवीकडे जो काळा खडक दिसतो ना, त्याच्या रेषेत.

आणि मग चेंडू होलात ढकलायला मला पटरचे चार फटके लागले.

कारण ग्रीनभर भोकं होती. चारच दिवसांपूर्वी सगळ्या ग्रीनमधून पोकळ सळयांनी मातीच्या कांड्या काढून वर वाळू पसरली होती. याला माझी हरकत नाही. मुळांना हवा मिळते, घट्ट झालेली माती मोकळी होते. हे केलं नाही तर ग्रीन मरेल. पण तारखा महिनोन् महिने आधी ठरलेल्या असतात, आणि ग्रीन पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे जातात. आम्ही एवढे प्रश्न विचारले, हा एक राहिला. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. दर पूर्ण घेतला. तिथल्या व्यवस्थापकांना मी नंतर पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. रिसॉर्टचं नाव मी देत नाही, कारण असं करणारं ते एकटं नसणार.

म्हणून आपल्याकडे एक मागणी आहे. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा फोटो थोडा लहान करून कोपऱ्यात चौकट घाला. त्या महिन्यातला सूर्यास्त, वारा साधारण कधी उठतो, टींचे रेटिंग आणि स्लोप, बगीचा नियम, आणि ग्रीन कधी फोडणार आहेत त्या तारखा. रिसॉर्टवाल्यांना विचाराल तर तुम्हाला ते सांगतील. आम्हाला सांगत नाहीत. आणि मागच्या टीचा सल्ला देणाऱ्या लेखकमहाशयांना एकदा आमच्या चौघांबरोबर दुपारी एक चाळीसला पाठवा. चेंडू त्यांनी आपले आणावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव छापू नये. एकोणतीस चेंडूंपैकी कोणाचे किती, यावर घरात अजून एकमत नाही.)

ता. क. : फोटोखालच्या ओळीत त्या सतराव्या होलची लांबी '१५० मीटर' छापली आहे. कार्डावर १५० यार्ड आहेत, म्हणजे १३७ मीटर. तेरा मीटर म्हणजे एक अख्खा क्लब. तुमच्या आकड्यावर विसंबून मारणाऱ्याचा चेंडू ग्रीनच्या पलीकडे समुद्रात जाईल, तेव्हा तेवढी दुरुस्ती छापावी.